मॉलमधलं सिग्नेचर कार्ड की पगाराच्या बँकेचं प्लॅटिनम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात येणारा पगार महिना ६२ हजार, पुण्यात भाड्याचं घर, बाइकचा ३,८०० रुपयांचा हप्ता, आजवर एकही क्रेडिट कार्ड नाही. पगार जमा होतो त्या बँकेच्या ॲपवर प्लॅटिनम कार्डाची ऑफर आली आहे: लिमिट १ लाख २० हजार, वार्षिक फी ४९९ रुपये, वर्षात एक लाख खर्च झाला तर फी माफ, व्याज महिना ३.७५ टक्के. दुसरीकडे मॉलमधल्या स्टॉलवर एका वेगळ्या बँकेच्या माणसाने सिग्नेचर कार्ड सुचवलं आहे: फी २,५०० रुपये, तीन लाख खर्चावर माफ, व्याज ३.५ टक्के, आणि वर ‘सर, तीन लाखांचं लिमिट आरामात मिळेल’. दोन वर्षांनी गृहकर्ज घ्यायचं आहे. बायकोसाठीही कार्ड हवं आहे. कोणतं घ्यावं?

प्लॅटिनम घ्या. कार्डांच्या अर्जांची छाननी आणि लिमिट मंजुरी हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि कागदावर सिग्नेचर प्रत्येक रकान्यात वरचढ दिसत असलं तरी तुमच्यासाठी ते कार्ड तोट्याचं आहे. का, ते सांगतो. त्यासाठी तुम्ही ज्या तीन गोष्टींची तुलना करताय त्या एका पातळीवरच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. व्याजदर अर्जाआधी नेमका कळतो, पण तो बहुतेक बँकांचा जवळपास सारखाच असतो आणि बिल पूर्ण भरणाऱ्याला तो लागतही नाही. लिमिट सगळ्यात महत्त्वाचं, पण ते बहुधा मंजुरीनंतरच कळतं. आणि श्रेणीचं नाव सगळ्यात ठळक छापलेलं असतं, त्यातून कळतं मात्र सगळ्यात कमी.

श्रेणीपासूनच सुरुवात करू. प्लॅटिनम, सिग्नेचर, इन्फिनिट ही व्हिसाची नावं. मास्टरकार्डकडे टायटॅनियम, प्लॅटिनम, वर्ल्ड, वर्ल्ड एलिट. रुपेकडे क्लासिक, प्लॅटिनम, सिलेक्ट. ही शिडी नेटवर्कची, म्हणजे कार्डाचे व्यवहार पार पाडणाऱ्या या कंपन्यांची आहे, बँकेची नाही. नेटवर्क त्या पायरीसोबत काही किमान सोयी देतं, उदाहरणार्थ थोडंसं विमासंरक्षण, काही हॉटेलांच्या ऑफर, कधी विमानतळावरचा लाँज. खर्चावर बक्षीस म्हणून पॉइंट किती मिळणार, फी किती, कोणत्या खर्चावर पॉइंट नाहीत, हे सगळं बँक ठरवते. म्हणून एका बँकेचं सिग्नेचर दुसऱ्या बँकेच्या प्लॅटिनमपेक्षा भिकार असू शकतं, आणि असतंही. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीची सिम्प्लीक्लिक, प्राइम, एलिट ही चढती रांग पाहा, किंवा एचडीएफसीची मिलेनिया, रेगालिया गोल्ड, इन्फिनिया. खरी श्रेणी या नावांत आहे. कोपऱ्यातल्या व्हिसा सिग्नेचर या चिकटपट्टीत नाही. तुलना करायची तर उत्पादनाच्या पूर्ण नावाने करा. ‘सिग्नेचर चांगलं की प्लॅटिनम’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

आता लाँज. स्टॉलवर पहिलं वाक्य लाँजचंच असतं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच बँकांनी त्याला अट लावली आहे: आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच पुढच्या तिमाहीत प्रवेश. ही रक्कम कुठे ३५ हजार, कुठे ७५ हजार, कुठे एक लाख. तुम्ही वर्षातून दोनदा लोहगावहून विमान पकडत असाल तर लाँजमधला उपमा आणि कॉफी यांची किंमत तुम्हीच लावा आणि ती २,५०० रुपयांच्या फीशेजारी ठेवून बघा.

लिमिटचा विषय जरा सावकाश घ्यायला हवा, कारण इथेच लोकांना सगळ्यात चुकीची माहिती मिळते.

बँक लिमिट कसं ठरवते? आधी उत्पन्न पाहिलं जातं, म्हणजे पगाराच्या पावतीवरचा एकूण आकडा नव्हे, खात्यात नियमित जमा होणारी रक्कम. त्यातून चालू हप्ते वजा होतात. मग क्रेडिट ब्युरोचा, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल. भारतात अशा चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येक संस्थेचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो अर्जाआधी मागवून वाचाच. तुमच्या नावावर फक्त बाइकचं कर्ज आहे, म्हणजे इतिहास आहे पण पातळ. त्यानंतर नोकरी कुठे आहे, किती वर्षं आहे, राहण्याचा पत्ता किती जुना आहे, हे येतं. शेवटी प्रत्येक कार्डाला बँकेने आतल्या आत ठरवलेली किमान आणि कमाल मर्यादा असते. तुमचं गणित किमान मर्यादेच्या खाली आलं तर दोन गोष्टी होतात: अर्ज नाकारला जातो, किंवा खालच्या श्रेणीचं कार्ड देऊ केलं जातं.

पहिल्या कार्डाला हातातल्या पगाराच्या एक ते तीन पट लिमिट मिळणं ही नेहमीची गोष्ट. तुमच्या बाबतीत साधारण ६० हजार ते १ लाख ८० हजार. पगाराच्या बँकेने दाखवलेला १ लाख २० हजारांचा आकडा याच्या बरोबर मध्यावर आहे, आणि तो आकडा खरा आहे, कारण बँकेला तुमच्या खात्यातला महिन्याचा ओघ दिसतो आणि तो पाहूनच ऑफर निघाली आहे. स्टॉलवरचे तीन लाख हे त्या माणसाच्या तोंडचे आहेत. त्याला मंजुरीचा कसलाही अधिकार नसतो. त्याचं काम अर्ज भरून घेणं. माझ्या टेबलावर असे असंख्य अर्ज आले आहेत ज्यात ग्राहकाला तीन लाखांची खात्री दिली होती आणि मंजूर झाले ७५ हजार.

त्यात काळही थोडा कडक आहे. १६ नोव्हेंबर २०२३ला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड थकबाकीवरचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला. म्हणजे कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयासाठी बँकेला आधीपेक्षा जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. त्याचा पहिला परिणाम तुमच्यासारख्या पातळ इतिहासाच्या नव्या ग्राहकावर होतो: छाननी वाढते, सुरुवातीचं लिमिट कमी होतं.

मग जास्त लिमिटसाठी धडपडावं का? एका मर्यादेपर्यंत हो, आणि कारण खर्च करणं हे नाही. बिलाच्या तारखेला कार्डावर जेवढी रक्कम दिसते ती साधारणपणे ब्युरोकडे जाते, आणि लिमिटच्या किती टक्के वापरलं हे ब्युरोच्या स्कोअरमध्ये, म्हणजे तुमच्या पतीच्या गुणांकात मोजलं जातं. ७५ हजार लिमिटवर २५ हजारांचं बिल म्हणजे ३३ टक्के. १ लाख २० हजारांवर तेच बिल २१ टक्के. ३० टक्क्यांच्या आत राहावं असा प्रघात आहे. हा काही कायदा नाही, पण त्याच्या फार वर दर महिन्याला राहिलात तर स्कोअर दबतो, बिल पूर्ण भरत असलात तरी. दिवाळीच्या महिन्यात खर्च फुगणार असेल तर बिल निघण्याआधीच थोडी रक्कम भरून टाकावी. अहवालात छोटा आकडा जातो.

लिमिटबद्दल अजून दोन बारीक गोष्टी. एकाच बँकेची दोन कार्डं घेतली तर पुष्कळ बँकांमध्ये लिमिट दोन्हींत मिळून एकच असतं; दुसरं कार्ड घेतलं म्हणून लिमिट दुप्पट होत नाही. आणि लिमिटचा एक भाग रोख काढण्यासाठी म्हणून वेगळा दाखवलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर साधारण अडीच टक्के, किमान ५०० रुपये शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. खरेदीला बिल भरण्याच्या तारखेपर्यंत मिळते ती बिनव्याजी मुदत रोख रकमेला नसतेच.

पुढे बँक लिमिट वाढवून देऊ करेल. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ती वाढवता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वाढ स्वीकारावी. भीती वाटत असेल तर ॲपवर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप व्यवहारांच्या मर्यादा वेगवेगळ्या कमी करून ठेवता येतात, किंवा ते प्रकार पूर्ण बंद ठेवता येतात.

आता व्याज. ३.५ आणि ३.७५ यांतला फरक तुम्हाला मोठा वाटला, ते स्वाभाविक आहे. पण आधी हा दर महिन्याचा आहे हे नीट बघा. वर्षाचा हिशेब ४२ आणि ४५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण कार्डाच्या व्याजाला गृहकर्जाच्या व्याजासारखी जीएसटीतून सूट नाही. म्हणजे ३.७५चा दर प्रत्यक्षात महिना ४.४३च्या आसपास, वर्षाला ५३ टक्क्यांवर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ला रद्द केला. तेव्हा व्याजाची वरची मर्यादा कायद्याने बांधलेली नाही, आणि मोठ्या बँकांची साधी कार्डं आज ३.५ ते ३.७५च्या पट्ट्यातच फिरताना दिसतात. फार वरच्या, निमंत्रणानेच मिळणाऱ्या काही कार्डांवर आणि मुदत ठेवीच्या तारणावर दिलेल्या काही कार्डांवर दर कमी असतो. पहिल्या गटातल्या माणसाला कर्जाची गरज नसते आणि दुसऱ्या गटात बँकेला धोका नसतो, हे ओघाने आलंच.

गणित करून दाखवतो. समजा बिलाची तारीख दर महिन्याची ५ आणि भरण्याची शेवटची तारीख २५. तुम्ही १० जूनला ६० हजारांचा फ्रिज घेतला. ५ जुलैला बिल आलं. २५ जुलैला तुम्ही फक्त किमान रक्कम, म्हणजे पाच टक्के धरून ३,००० रुपये भरले. तुमच्या मनात हिशेब असतो की आता ५७ हजारांवर २५ जुलैपासून व्याज लागेल. तसं होत नाही. बँकांच्या नमुना गणितात व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं: ६० हजारांवर १० जून ते २५ जुलै असे ४५ दिवस, मग ५७ हजारांवर ५ ऑगस्टच्या बिलापर्यंत ११ दिवस. ४५ टक्के दराने हे होतात सुमारे ४,१०२ रुपये, त्यावर जीएसटी ७३८, एकूण ४,८४०. तीन हजार भरले आणि पावणेपाच हजारांच्या वर लागले. एवढ्यावर थांबत नाही. जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत बिनव्याजी मुदत स्थगित होते, म्हणजे ऑगस्टमध्ये घेतलेल्या किराण्यावरही त्याच दिवसापासून व्याज.

हेच गणित ३.५ टक्क्यांच्या कार्डावर केलं तर आकडा येतो ४,५१७. फरक ३२३ रुपये. एवढ्यासाठी कार्ड निवडायचं नसतं. थकबाकी ठेवणाऱ्याला दोन्ही कार्डं सारखीच महाग आहेत, आणि पूर्ण बिल भरणाऱ्याला दोन्हींचा दर शून्य आहे.

म्हणून व्याजदराच्या रकान्याचा उपयोग एकच: स्वतःला विचारा की गेल्या वर्षभरात असे किती महिने गेले ज्यांत महिनाअखेरीला खात्यात काही उरलं नाही आणि मित्राकडून उसने घ्यावे लागले. तसे महिने वारंवार येत असतील तर कोणतंच कार्ड घेऊ नका, आधी दोन पगारांएवढी शिल्लक साठवा. फ्रिज घ्यायचाच असेल तर दुकानातला ग्राहककर्जाचा हप्ता, वैयक्तिक कर्ज किंवा मुदत ठेवीवरचं कर्ज, तिन्ही या व्याजाच्या कितीतरी खाली पडतात. कार्डावर खर्च झालाच आणि पूर्ण भरणं अशक्य दिसत असेल तर बिल भरण्याच्या तारखेआधीच तो व्यवहार हप्त्यांत बदलून घ्या. तिथे दर बहुधा वार्षिक १३ ते १८ टक्क्यांच्या घरात असतो. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी धरूनही तो ४५ टक्क्यांपेक्षा बरा.

किमान रकमेविषयी आणखी एक. ती भरत राहिल्यावर देणं वाढत जाऊ नये अशा रीतीने ठरवली पाहिजे, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे पुढच्या बिलात ही रक्कम अचानक फुगलेली दिसली तर दचकू नका. त्यात व्याज आणि कर मिळवलेले असतात. आणि तारीख चुकली तर शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावता येत नाही, ब्युरोकडे थकीत म्हणून कळवताही येत नाही. व्याजाला मात्र ही तीन दिवसांची सवलत धरू नका. विलंब शुल्क बाकीच्या टप्प्यांप्रमाणे चढतं, मोठ्या बाकीवर हजार-तेराशे रुपयांपर्यंत जातं. हे सगळं टाळायला खात्यातून आपोआप भरणा लावून ठेवा, आणि तो लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडा. पुष्कळांचा भरणा ‘किमान रक्कम’ वर लागलेला असतो आणि त्यांना ते वर्षभर कळत नाही. पगाराच्याच बँकेचं कार्ड असण्याचा इथे मोठा फायदा: पगार १ तारखेला, भरण्याची तारीख त्यानंतर. ती जुळत नसेल तर बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग फी आणि पॉइंट. तुम्ही दिलेला महिन्याचा खर्च असा: किराणा ८,०००, पेट्रोल ३,०००, वीज-गॅस-मोबाइल ३,५००, ऑनलाइन खरेदी ५,०००, बाहेरचं खाणं ३,०००, आणि विम्याचे वर्षाचे २४ हजार म्हणजे महिना २,०००. बेरीज २४,५००, वर्षाला २ लाख ९४ हजार. स्टॉलवरच्या माणसाने यावर दोन टक्के परतावा लावून ५,८८० रुपये सांगितले असतील. आता त्या कार्डाच्या अटी वाचा. पेट्रोल, विमा, वीज-मोबाइल, भाडं, वॉलेट भरणं, सरकारी शुल्कं हे बऱ्याच कार्डांवर पॉइंटांतून वगळलेलं असतं किंवा तिथे परतावा नगण्य असतो. तुमचे ८,५०० गेले. उरले महिना १६ हजार, वर्षाला १ लाख ९२ हजार. दोन टक्क्यांनी ३,८४०. फी २,५०० अधिक जीएसटी म्हणजे २,९५०. तीन लाखांची माफीची अट तुमच्या एकूण खर्चानेही थोडक्यात हुकते, आणि त्या मोजणीतूनही काही खर्च वगळलेले असले तर हुकणारच. हातात राहिले ८९०. प्लॅटिनमवर एक टक्का धरा: १,९२०, आणि एक लाखाची अट सहज पूर्ण होत असल्याने फी शून्य.

पुढचा धोका असा की माफीसाठी सहा हजार कमी पडतात म्हणून कार्डाचं वर्ष संपत आलं की माणूस दहा हजारांचं काहीतरी घेतो. ही खरेदी बँकेने आधीच गृहीत धरलेली असते.

पॉइंटांची किंमतही विचारा. एक पॉइंट म्हणजे एक रुपया असं क्वचित असतं. कुठे २५ पैसे, कुठे बँकेच्या संकेतस्थळावरून विमानाचं तिकीट काढलं तर ५० पैसे आणि बिलात वजा करून घेतलं तर २० पैसे. ‘दर १०० रुपयांना ४ पॉइंट’ वाचून चार टक्के समजू नका. २५ पैशांच्या हिशेबाने तो एक टक्का आहे. त्यात महिन्याची कमाल मर्यादाही असते. खर्चाचा मोठा भाग एकाच ऑनलाइन दुकानात जात असेल तर ॲमेझॉन पे आयसीआयसीआय किंवा फ्लिपकार्ट ॲक्सिससारखी, दुकान आणि बँक यांनी मिळून काढलेली जोडकार्डं साध्या माणसाला जास्त पैसे परत देतात. पण ते दुसरं कार्ड म्हणून, वर्षभरानंतर.

परदेशवारीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून एवढंच: साध्या कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साधारण साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो. जायची वेळ आली की तेव्हा पाहा.

एक गोष्ट मात्र अर्ज करतानाच ठरवा, ती म्हणजे नेटवर्क. ६ सप्टेंबर २०२४पासून मोठ्या कार्ड कंपन्यांनी नव्या ग्राहकाला एकाहून अधिक नेटवर्कांचा पर्याय दिला पाहिजे. बँकेच्या प्लॅटिनमला रुपेचा पर्याय असेल तर तो घ्या. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायची सोय २०२२पासून रुपेलाच आहे, आणि तुमचा आठ हजारांचा किराणा बहुधा कोपऱ्यावरच्या दुकानात क्यूआर स्कॅन करून जात असणार, जिथे कार्ड घासायचं यंत्रच नसतं. यूपीआयवरच्या खर्चाला बँक पॉइंट कमी देते का, ते मात्र अटींत पाहून घ्या. मित्राच्या खात्यावर पैसे पाठवायला ही सोय चालत नाही, फक्त दुकानदारांना.

अर्जाआधी दोन कागद मागायचे. एक पानी मुख्य तथ्य पत्रक, ज्याला बँकेत केएफएस म्हणतात. त्यात व्याजदर आणि शुल्कं असतात. आणि महत्त्वाच्या अटी-शर्ती, म्हणजे एमआयटीसी. ही जरा लांबलचक असते, पण बिनव्याजी मुदत कधी जाते त्याचं नमुना गणित तिथे सापडतं. ‘आयुष्यभर फ्री’ आणि ‘पहिल्या वर्षी फ्री’ यांतला फरकही या कागदावरच मिटतो. स्टॉलवरच्या माणसाकडे हे कागद मागा. ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’ म्हणाला आणि पाठवले नाहीत, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

त्या स्टॉलवर तुम्ही आधार-पॅन दिलं आहे का, हे प्रश्नात स्पष्ट नाही. दिलं असेल आणि अर्ज पुढे गेला असेल तर ब्युरोच्या अहवालात एक चौकशी, म्हणजे बँकेने तुमचा अहवाल मागवल्याची नोंद, येईल. एका चौकशीने काही बिघडत नाही. पण ‘कुठे तरी लागेल’ म्हणून चार ठिकाणी अर्ज टाकले, तर दोन महिन्यांत चार चौकशा दिसतात आणि आमच्यासारख्या छाननी करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो की याला एवढी पैशांची घाई का. पगाराच्या बँकेची आधीच मंजूर केलेली ऑफर नुसती पाहिल्याने तसा डाग पडत नाही. अर्ज फेटाळला गेलाच, तर नेमकं कारण लेखी कळवणं कार्ड कंपनीवर बंधनकारक आहे; ते मागून घ्या, नाहीतर पुढचा अर्ज अंधारात जातो. आणि न मागितलेलं सिग्नेचर कार्ड घरी आलंच तर ओटीपी देऊ नका. कार्ड ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला तुमची ओटीपीने संमती घ्यावी लागते, आणि संमती नसेल तर खातं फुकट बंद करावं लागतं.

गृहकर्जाचं आता. दोन वर्षं हातात आहेत, हे चांगलं आहे. प्लॅटिनम आज घेतलं, दरमहा आठ-दहा हजार वापरले, पूर्ण भरत गेलात, तर अर्जाच्या वेळी चोवीस महिन्यांची स्वच्छ नोंद तयार असेल. बाइकच्या एकट्या कर्जापेक्षा ती अधिक बोलकी. गृहकर्ज देणारी बँक कार्डावरची बाकी बघते, आणि बऱ्याच ठिकाणी त्या बाकीच्या पाच टक्के रक्कम मासिक हप्ता म्हणून धरली जाते. कार्डावर चालू असलेले फोन-फ्रिजचे हप्ते तर सरळ वजा होतात. तुमच्या ६२ हजारांत ३,८०० आधीच गेलेले आहेत. म्हणून गृहकर्जाच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत नवं कार्ड नाही, कार्डावर नवा हप्ता नाही, आणि जुनं कार्ड बंद करणंही नाही.

बायकोच्या कार्डाबद्दल. तुमच्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं पुरवणी कार्ड, घेता येईल, सहसा फुकट मिळतं, पण तिच्या खर्चाची जबाबदारी तुमची, लिमिट तेच १ लाख २० हजार दोघांत, आणि तिच्या नावावर ब्युरोत त्यातून काही नोंद तयार होत नाही. गृहकर्जात तिला सहकर्जदार करायचा विचार असेल तर तिचा स्वतःचा इतिहास हवा. तिच्या नावावर २५ हजारांची मुदत ठेव करा आणि त्या तारणावर तिच्या नावाचं कार्ड घ्या. पगाराची पावती लागत नाही, ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के लिमिट मिळतं. तिने त्यावर महिना चार-पाच हजारांचा किराणा करावा आणि भरणा तिच्याच खात्यातून, पूर्ण रकमेवर लावावा.